घरी कळवायचं नाही

विद्यापीठाच्या मागच्या फाटकाला लागून जी लहानशी पोलीस चौकी आहे, तिथल्या हवालदारबाईंना वसतिगृहातल्या पोरी ‘फोनवाल्या मावशी’ म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. बाईंच्या कानावर ते आलेलं होतं, पण त्यांना त्याचा राग नव्हता. उलट जरा बरंच वाटे. चौकीतलं सगळ्यांत नाजूक काम कुठलं असेल तर ते फोनचं, आणि ते फौजदारसाहेबांनी विश्वासानं त्यांच्यावर सोपवलेलं होतं.

काम असं. एखादी मुलगी रडतरडत चौकीत आली, कुणी मोबाइल हिसकावला, कुणी मागे लागलं, कुणी गर्दीचा फायदा घेऊन अंगाला हात लावला, की बाई तिला पाणी देत, पाठीवरून हात फिरवत, तक्रार लिहून घेत. मुलगी गेली की तिच्या घरी फोन लावत. असा फोन करावा असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. आधीच्या फौजदारांनी ही रीत पाडली, आताच्यांनी ती चालू ठेवली. “लोकांच्या लेकी आपल्या हद्दीत राहतात. आईबापांना अंधारात ठेवायचं म्हणजे आपल्याच गळ्याशी यायचं,” असं साहेबांचं म्हणणं. बाईंचा आवाज मुळातच मऊ. “घाबरू नका हं, मुलगी सुखरूप आहे,” अशी सुरुवात त्या इतक्या मायेनं करत की पलीकडच्या आईला रडायच्या आधी श्वास घ्यायला सवड मिळे. देवानं हा आवाज आपल्याला याच कामासाठी दिला, असं बाई मानत, आणि सकाळी देवापुढे हात जोडताना त्याचे आभारही मानत.

फोन ठेवल्यावर पुढे त्या घरात काय होतं, हे मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

ग्रंथालयातून वसतिगृहाकडे जायला एक गल्ली आहे. एका बाजूला खेळाच्या मैदानाची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला अर्धवट राहिलेल्या इमारतीभोवती ठोकलेले पत्रे, मधून वाहणारं उघडं गटार. दिवा आहे, पण तो त्याच्या मर्जीनं पेटतो. त्या वर्षी या गल्लीत एक मोटारसायकल फिरू लागली. पुढे एक, मागे एक. मागे बसलेला हात लांब करून पिशवी ओढी, मोबाइल ओढी, ओढणीसुद्धा सोडत नसे. पोरी जथ्यानं जाऊ लागल्या. विद्यार्थ्यांनी फलक लावले, घोषणा दिल्या, आणि शेवटी विद्यापीठानं मोठ्या सभागृहात सभा बोलावली. फौजदारांना व्यासपीठावर बसवलं. बाई दाराशी उभ्या राहिल्या.

“गस्तीची गाडी द्या, एवढंच मागणं आहे,” विद्यार्थी म्हणाले.

“देतो ना! आत्ता देतो,” साहेब म्हणाले. “पण वरून मला विचारतील, कशासाठी? वर्षभरात त्या गल्लीतून मुलींच्या तक्रारी किती? जवळजवळ नाहीतच. वरच्यांनी तर माझी पाठ थोपटली की तुमची हद्द शांत आहे. आता मी कुठल्या तोंडानं गाडी मागू?”

मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. कायदा शिकणारी, केस कापलेली, बोलताना बोट नाचवणारी. तिला सगळे ‘वकीलीण’ म्हणत. “तक्रारी का नाहीत ते सांगू, साहेब?”

“सांगा की.”

“कारण चोर नुसता मोबाइल नेतो. तुमची चौकी मुलीला नेते.”

सभागृहात हशा पिकला, आणि लगेच विरला.

“मावशी घरी फोन करतात,” ती दाराकडे बघत म्हणाली. आता बोट खाली आलं होतं. “फार गोड बोलतात. दुसऱ्या दिवशी वडील येतात, खोली रिकामी होते. माझ्या खोलीतली गेली, शेजारच्या खोलीतली गेली. एकीचं तर घाईघाईनं लग्नसुद्धा लावून दिलं. तेव्हापासून सगळ्यांनी कानाला खडा लावलाय. काही झालं तरी मूग गिळून बसायचं.”

शेकडो माना दाराकडे वळल्या. बाईंना वाटलं, या फरशीनं आपल्याला पोटात घ्यावं. त्यांनी खालमानेनं कमरेचा पट्टा सारखा केला. तो आधीच सारखा होता.

घरी आल्या तर यजमान स्वयंपाकघरात मटार सोलत बसलेले. बेकरीत कामाला, पहाटे जायचं, दुपारी परतायचं, भुवयांना मैदा तसाच.

“काय हो, आज चोरानं तुम्हालाच लुटलं की काय?” चेहरा बघून ते म्हणाले.

“तुम्ही मटार सोला.”

“तेच करतोय. निम्मे पातेल्यात, निम्मे पोटात.”

एरवी बाई हसल्या असत्या. तेवढ्यात लेकीचा फोन आला. लेक दूरच्या शहरात इमारतींचे नकाशे काढायला शिकत होती. रोज संध्याकाळी फोन करी. रोजचंच बोलणं. जेवलीस का, झोपतेस का, सगळं ठीक ना. आणि तिचं रोजचंच उत्तर, सगळं ठीक.

त्या दिवशी बाईंनी ते उत्तर तसंच सोडलं नाही. “ठीक म्हणजे काय गं? रस्त्यात कुणी त्रासबीस देतं का तुला?”

लेक म्हणाली, “आई, समज, दिला त्रास. आणि समज मी तुला सांगितलं. तर तू काय करशील?”

“काय करशील म्हणजे? मिळेल त्या गाडीनं येईन आणि तुला घरी घेऊन येईन.”

“मग सगळं ठीक आहे,” लेक म्हणाली.

यजमानांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

फोन ठेवून बाई देवासमोर जाऊन बसल्या. मागायला गेल्या होत्या, पण काय मागावं ते सुचेना. मुलींना सांभाळ म्हणावं, तर ते काम त्यानं आपल्याकडेच दिलेलं, आणि आपण ते असं केलेलं. उठल्या तेव्हा ओठ घट्ट मिटलेले होते. लग्नाच्या इतक्या वर्षांत यजमान ते मिटलेले ओठ ओळखून होते. त्यांनी एवढंच विचारलं, “साहेब ऐकतील?”

“नाही ऐकणार.”

“बरं,” ते म्हणाले आणि उरलेले मटार मुकाट्यानं सोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई वसतिगृहाच्या भोजनगृहात गेल्या. वर्दीत. ताटांचा, चमच्यांचा आवाज हळूहळू थांबला.

“सज्ञान मुलीच्या घरी, तिनं सांगितल्याशिवाय, माझ्या हातून फोन जाणार नाही,” त्या म्हणाल्या. “काही झालं तर या. लिहून घेईन. बाकी काही करणार नाही.”

“हे लेखी द्याल?” वकीलीण.

“लेखी द्यायला मी साहेब नाही. शब्द देते.”

“शब्दाचं काय, मावशी! तुम्ही याआधीही गोडच बोलत होता.”

“मग तू येऊन माझ्या शेजारी बस. फोनवर हात ठेवून राखण कर.”

पोरी हसल्या. पण आलं कुणी नाही. आज नाही, उद्या नाही. बाई खुर्ची दाराकडे वळवून बसत. साहेब चहा पिताना विचारत, “काय बाई, गिऱ्हाईक नाही?” बाई म्हणत, “येईल.”

मग एके दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीला, वकीलीण एका मुलीला धरून आत आली. अंगानं काडी, चष्म्याची एक काच तडकलेली, कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघालेलं. भूगर्भशास्त्र शिकणारी. सगळे तिला ‘खडेवाली’ म्हणत, कारण ती कुठेही गेली तरी दगड गोळा करून आणी.

बाईंनी आधी जखम धुतली. मग विचारलं, “काय नेलं?”

“पिशवी.”

“काय होतं पिशवीत?”

मुलगी चष्म्याची तडकलेली काच पुसू लागली. वकीलीण म्हणाली, “सांग ना!”

“दगड,” खडेवाली म्हणाली.

बाईंचं पेन थांबलं.

“चोराला वाटलं असणार लॅपटॉप आहे, एवढी जड,” वकीलीण म्हणाली. “आत्ता कुठेतरी उघडून बघत असेल मेला.” तिला हसू आलं, बाईंनाही आलं, आणि खडेवाली मात्र हुंदके देऊन रडू लागली. ते तिच्या प्रबंधाचे नमुने होते. वर्षभर डोंगर, नदीपात्रं, खाणी पालथ्या घालून गोळा केलेले, प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं खूण केलेली. प्राध्यापकांना दाखवायला नेत होती. मोटारसायकलवाल्यानं पट्टा ओढला, हिनं सोडला नाही, म्हणून फरफटत गेली.

“मावशी, घरी नका कळवू,” ती म्हणाली. “बाबा मुळात पाठवायलाच तयार नव्हते. नेतील मला. मग दगडही गेले नि शिक्षणही.”

“नाही कळवणार,” बाई म्हणाल्या आणि सगळं लिहून घेतलं.

मुली गेल्यावर साहेबांनी ते वाचलं. “घरी फोन झाला?”

“नाही, साहेब. करणार नाही.”

“म्हणजे?”

“मुलगी सज्ञान आहे. ती नको म्हणाली.”

“बाई, मुलीला खरचटलंय. उद्या काही झालं तर बाप माझी गचांडी धरेल!”

“फोन केला तर बाप तिला नेईल. आणि परत एकही मुलगी या पायरीवर पाय ठेवणार नाही.”

“बरंच की!” साहेबांच्या तोंडून निघून गेलं. मग ओशाळून म्हणाले, “तसं नाही हो. पण एकदा का अशा तक्रारी सुरू झाल्या की वरचे मलाच विचारणार, तुमच्या हद्दीत गुन्हे वाढले कसे? माझ्या बढतीचं वर्ष आहे.”

“गुन्हे होतेच, साहेब. कागदावर नव्हते.”

“हा हुकूम समजा.”

“लेखी द्या,” बाई म्हणाल्या. आपल्या तोंडून वकीलीण बोलली, हे त्यांना बोलल्यावर जाणवलं.

साहेबांनी लेखी काही दिलं नाही. त्यांनी स्वतःच फोन ओढला. आता, त्यांना या कामाची सवय नाही. गुन्हेगारांशी बोलून आवाज खरखरीत झालेला. पलीकडून बाईमाणसानं “हॅलो” म्हणताच ते गरजले, “पोलीस चौकीतून बोलतोय. तुमच्या मुलीचं एक प्रकरण आमच्याकडे आलंय.” पलीकडे काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला. ते “हॅलो, हॅलो” करत राहिले. मग मुलीचे वडील बोलले, पण साहेबांचं काही न ऐकता. उद्या येतो, तिचं सामान बांधून ठेवा, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

“तुम्ही केला असता तर बरं झालं असतं,” साहेब घाम पुसत म्हणाले.

बाई उठल्या आणि तडक वसतिगृहात गेल्या. ही बातमी दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिथे पोचू द्यायची नव्हती.

“फोन गेला,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातून नाही, पण चौकीतूनच गेला. मला थांबवता आला नाही.”

खडेवालीच्या तोंडचं पाणी पळालं. वकीलीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, “झालं! मिळाला शब्द!”

“मोडला,” बाई म्हणाल्या. “ते काही मी नाकारत नाही. पण तुझे वडील अजून यायचेत. आले की आधी चौकीत घेऊन ये. खोली आवरायला घेऊ नकोस.”

“आणि नेलं तर?” खडेवालीनं विचारलं.

“मला बोलू तर दे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील आले. सुतार. कामावरून तसेच निघालेले, कानावर पेन्सिल, सदऱ्याच्या शिवणीत भुसा. रात्रभर झोप नसल्यानं डोळे लाल. लेक मागे, मान खाली घालून. चौकीबाहेर पोरींचा घोळका. कुणी बोलावलेलं नव्हतं, पण खडेवाली जाते की राहते ते बघायला सगळ्या जमल्या होत्या.

“सही कुठे करायची ते सांगा,” सुतार म्हणाले. “मी हिला नेतोय.”

“बसा ना,” साहेब अगत्यानं म्हणाले.

“बसायला नाही आलो.”

बाई पुढे झाल्या. “दादा, मी तक्रार लिहून घेतली.”

“बरं केलंत. तुम्हाला मुलगी आहे?”

“आहे. दूर शिकते.”

“तिच्यावर असा प्रसंग आला तर ठेवाल तिला तिथे? खरं सांगा.”

साहेबांनी समाधानानं मान डोलावली. बाई आता बरोब्बर कात्रीत सापडल्या होत्या.

“नाही ठेवणार, असंच मी तिला सांगून बसले,” बाई म्हणाल्या. “म्हणून ती मला काही सांगतच नाही. मी विचारते, ती ‘सगळं ठीक’ म्हणते. काय ठीक आहे नि काय नाही, देवाला ठाऊक. तुमची लेक पोलिसात येऊन बोलली तरी. माझी तर आईशीही बोलत नाही.”

सुतारांनी लेकीकडे पाहिलं. मग बाईंकडे. “मग करायचं काय माणसानं?”

“न्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी आड येणार नाही. पण आधी तो रस्ता तरी बघा.”

तिघं गल्लीत गेली. उन्हं उतरायला लागली होती. समोरून पोरी येत होत्या, तिघी-चौघी मिळून, पिशव्या पोटाशी धरून. सुतारांचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं.

“या किल्ल्या अशा का धरतात? बोटांमधून बाहेर काढून?”

“कुणी अंगावर आलं तर मारायला,” लेक म्हणाली.

“सगळ्याच?”

“सगळ्याच, बाबा.”

तिनं खिशातून स्वतःची किल्ली काढून दाखवली. सुतारांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, परत दिली.

गल्लीच्या शेवटी, पत्रे संपतात तिथे, लेक एकदम थांबली. गटाराच्या कडेला, कचऱ्यात, पांढरी खूण असलेला एक दगड. आणि थोडं पुढे दुसरा. चोरानं पिशवी उघडून पाहिली असावी आणि संतापून सगळं भिरकावलं असावं. पिशवी दिसत नव्हती. लेक गुडघ्यावर बसली, गटारात हात घालू लागली. खरचटलेला हात तोच.

“सरक,” सुतार म्हणाले, आणि बाह्या सारून स्वतः उकिडवे बसले. “हा?”

“तो रस्त्याचा आहे, बाबा.”

“हा?”

“तोपण खडीच आहे.”

“मग हा? हा तर किती चांगला दिसतोय.”

“तो विटेचा तुकडा आहे.”

बाईंना हसू आवरेना. सुतारांनाही ओझरतं आलं. मग त्यांच्या हाताला चिखलातून एक काळा दगड लागला. लेकीनं झडप घालून घेतला, ओढणीनं पुसला, “हा खाणीतला! याच्यासाठी मी दिवसभर उन्हात उभी होते, तो ठेकेदार आत सोडत नव्हता,” असं सांगू लागली आणि सांगतच राहिली. मूठभर सापडले, बाकीचे गेले.

“याच्यासाठी फरफटत गेलीस?” सुतारांनी विचारलं.

“हो.”

“सोडायची होतीस पिशवी.”

“तुमची रंध्याची पेटी कुणी ओढली असती तर?”

सुतार उठले. चिखलाचे हात पँटीला पुसले. परतताना ते लेकीच्या पुढे नाही, शेजारून चालत होते.

चौकीत येऊन ते बाकावर बसले. “मी हिला नेत नाही,” ते म्हणाले.

बाहेर घोळक्यात कुजबुज झाली. साहेबांचा जीव भांड्यात पडला. “उत्तम! मग आपण निघायला मोकळे.”

“निघत नाही. गस्तीची गाडी आली की निघेन.”

“अहो, गाडी अशी मागितली की येते का? वरच्यांना तक्रारी दाखवाव्या लागतात!”

“आहे की. या बाईंनी लिहिलीय.”

“एकच आहे ती!”

सुतारांनी पाय ताणले आणि बाकाची पाठ ठोकून पाहिली. “हा सांधा सुटलाय,” ते म्हणाले. “बसतोच आहे, तर बसवून देतो. हातोडी आहे का?”

साहेबांनी हात टेकले. तेवढ्यात वकीलीण दारातून आत आली. तिच्यामागे आणखी दोघी. त्यांच्या मागे आणखी.

“एकच नाही, साहेब,” ती म्हणाली. “माझीही आहे. मागच्या महिन्यातली. मीही गप्प बसले होते.” एवढ्या बोलघेवड्या पोरीचा आवाज शेवटच्या शब्दाला चिरकला.

साहेबांनी रांग पाहिली, मग फोन पाहिला, मग बाईंना.

“नाही, साहेब,” बाई म्हणाल्या.

“मी कुठे काय म्हटलं?”

“आधीच सांगितलं.”

“वरून विचारणा होईल.”

“माझं नाव सांगा. उत्तर मी देईन.”

साहेब थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले. मग त्यांनी वायरलेस उचलला आणि मुख्य ठाण्याकडे, घसा खाकरून, गस्तीसाठी गाडी मागितली. कारण विचारल्यावर म्हणाले, “कारणं भरपूर आहेत. लिहून व्हायचीत अजून.”

गाडी आली तेव्हा अंधार पडत होता. सुतार शेवटच्या बसनं एकटेच गेले. जाताना लेकीला म्हणाले, “आईला तू फोन कर. या साहेबांना करू देऊ नकोस.” पुढे मोटारसायकलवरचा एक सापडला, एक अजून मोकळा आहे. वरून विचारणा झाली ती झालीच. बाईंनी नेमस्त शब्दांत उत्तर लिहून पाठवलं आणि कामाला लागल्या.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी बाईंनी दिवा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि वकीलीणीला समोर बसवलं. बोट नाचवणारा तो हात आता मांडीवर गप्प होता.

“कुठून सुरू करू?” तिनं विचारलं.

“जिथून सांगता येईल तिथून,” बाई म्हणाल्या, आणि पेन उघडलं.